पुण्यात रिव्हॉल्व्हर बाळगणं, राखणं आणि काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्र परवाना असलेल्या किंवा नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या माणसाला ओळखीपाळखीतून तेच ते प्रश्न येत राहतात. अलीकडे त्यात अमेरिकन व्हिडिओ बघून आलेल्यांची भर पडली आहे. ते गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरणारे काका बघतात आणि विचारतात, 'आपल्याकडे हे कसं सुरू करायचं?' त्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे. त्याआधीचे प्रश्न मात्र गाळू नका.

१. नुसता छंद म्हणून रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळतो का?

अर्जात एवढंच लिहिलंत तर मिळणार नाही असंच धरून चाला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये फरक स्पष्ट केलेला आहे. संरक्षणासाठी, खेळासाठी किंवा पिकांच्या राखणीसाठी साधी नळीची बंदूक, आणि क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीसाठी .२२ रायफल, यांना कायद्याने थोडी मोकळीक दिली आहे. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. त्यासाठी 'सबळ कारण' आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. जिवाला धोका असेल तर त्याची कागदोपत्री पार्श्वभूमी लागते, म्हणजे धमकीची तक्रार, रोख रकमेची ने-आण असं काहीतरी. खेळाडू असाल तर क्लब आणि संघटनेमार्फत जाण्याचा मार्ग वेगळा आहे. 'आमच्या घराण्यात पूर्वीपासून होतं' हे कारण ऐकायला छान वाटतं, पण परवाना शाखेत त्याचा उपयोग होत नाही. अपवाद वारसाचा, त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

२. अर्ज कुठे करायचा? आयुक्तालयात की जिल्हाधिकाऱ्यांकडे?

तुम्ही कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहता त्यावर ते ठरतं. महापालिकेची हद्द इथे बघू नका. पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत असाल तर पुण्याचे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, त्यामुळे हिंजवडी-वाकडच्या लोकांनी तिकडे जायचं. लोणावळ्यासारख्या ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्यांसाठी जिल्हाधिकारी. नव्या सोसायटीत राहायला गेलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो, म्हणून आधी ठाणं कुठलं ते विचारून घ्या. अर्ज एनडाल-आलिस या केंद्रीय पोर्टलवरून भरला जातो, आणि परवान्याला यूआयएन, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, असावाच लागतो.

३. अर्ज केल्यावर काय काय होतं?

कागदपत्रं, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी आणि मग पोलीस पडताळणी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ठाण्याने अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात धीर धरावा लागतो. शेजाऱ्यांकडे चौकशी होते, जुन्या तक्रारी बघितल्या जातात. एखादा किरकोळ गुन्हा निकाली निघालेला असेल तर तो लपवू नका, निकालाची प्रत जोडा. नकार आला तर अपील करता येतं: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे.

४. कुठला बोअर (नळीचा आतला व्यास) घेता येतो? .३८ का मिळत नाही?

कारण .३८ च्या जुन्या वेब्लीत (ब्रिटिश बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये) बसणारं .३८० चं काडतूस हे सैन्याचं काडतूस होतं. .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाला कड असलेली) काडतुसं, सैन्याचं ९ मिलिमीटर किंवा .४५ चं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते हत्यार प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. बोलीत त्याला 'पीबी' म्हणतात. तो परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तुमच्या-आमच्यासाठी 'एनपीबी', म्हणजे प्रतिबंधित नसलेला बोअर, व्यवहारात .३२ आणि .२२.

आता एक सापळा. दुकानात '.३२' म्हणून दोन वेगवेगळी काडतुसं असतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे ७.६५ × २३ मिलिमीटर, आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी, जे आखूड असतं. एसीपीची गोळी रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकात, घसरून बसू शकते, म्हणून ती चालते असा समज होतो. चालवू नका. मापं वेगळी, दाब वेगळा. खोक्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, काउंटरवरच्या माणसावर सोडू नका.

५. भारतीय बनावटीत कुठलं चांगलं?

कानपूरचं जुनं .३२ सर्वात जास्त दिसतं. वेब्लीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं, सहा घरांचं. जड आहे, ट्रिगर कडक आहे, पण वर्षानुवर्षं चालतं. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण अर्ध्या किलोचं. किंमत मात्र लाखाच्या वर. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' ७०० ग्रॅमचं आहे आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची पितळी कवचं) काढायला आणि साफसफाईला सोपं जातं. इशापूरचं 'निडर' .२२ चं, अगदी हलकं.

माझं मत विचाराल तर हलकं हत्यार खिशाला बरं, हाताला नाही. सरावाला वजन हवं.

६. किती शस्त्रं ठेवता येतात? परवाना किती वर्षांचा?

दोन. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. वारशाने आलेलं शस्त्रही या दोनांतच धरलं जातं. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. मुदत उलटून गेलेला परवाना आणि कपाटात रिव्हॉल्व्हर ही विनापरवाना बाळगल्याचीच स्थिती आहे, आणि त्याला आता किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. विसरलो होतो, हा बचाव नाही.

७. काडतुसं कुठे मिळतात, किती मिळतात?

परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, परवाना दाखवून. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची हे दोन्ही आकडे परवान्यावर लिहिलेले असतात आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. बहुतेक माल सरकारी कारखान्यांचा. पुणेकरांना त्यात थोडा अभिमान वाटायला हरकत नाही: खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची आहे, आणि पुंगळीच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते किरकीचं, म्हणजे आपल्या खडकीचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, तिचं मुख्यालयही पुण्यातच. म्हणून काडतूस स्वस्तात मिळतं असं मात्र नाही.

८. घरी काडतुसं पुन्हा भरता येतात का?

नाही.

कारण सविस्तर सांगतो, कारण 'मी विकणार थोडीच आहे, स्वतःपुरतंच' हा युक्तिवाद प्रत्येक जण करतो. कायद्याचं कलम ५ शस्त्रं आणि दारूगोळा तयार करण्याला स्वतंत्र परवाना मागतं. तुमच्याकडचा फॉर्म ३ चा परवाना विकत घेणं, बाळगणं आणि वापरणं यापुरता आहे, तयार करण्याचा नाही. कलम ५ मोडल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. विनापरवाना रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यापेक्षा तुम्ही जास्त खोलात जाता, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शिवाय काडतुसातली दारू आणि तिला पेटवणारी कॅप हे स्फोटकांच्या कायद्याखालीही येतात, तो भाग वेगळाच.

९. भरणार नाही, पण प्रेस आणि डाय (काडतुसं भरायचं हातयंत्र आणि त्याचे साचे) शोसाठी मागवून ठेवल्या तर?

कलम २ मधली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या नीट वाचा. त्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा आहे. म्हणजे परदेशातून पार्सलने मागवलेली प्रेस कस्टम्समध्ये अडकली, तर 'ही नुसती लोखंडी दांडी आहे' असं सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

१०. मग बाहेरच्या देशांत लोक हे का करतात? त्यात एवढं काय आहे?

काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, बुडातली कॅप, दारू आणि पुढची शिशाची गोळी. उडवल्यावर गोळी, दारू आणि कॅप संपतात, पुंगळी उरते, आणि चौघांत महाग तीच. ती साफ करून, पूर्वीच्या मापात आणून परत वापरली की प्रत्येक फैर स्वस्त पडते. दुसरं कारण अचूकता. आपल्या .३२ लाँगचा यात मोठा मान आहे, हे इथे फार लोकांना माहीत नसतं. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात जगभरातले नेमबाज चपट्या नाकाच्या 'वॉडकटर' गोळीचं .३२ लाँग वापरत आले आहेत. कागदावर ते पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडतं, गुण मोजताना वाद होत नाही. अशा काडतुसात दारू अगदी थोडी लागते.

धोकाही तिथेच आहे. पुंगळीत जागा भरपूर आणि दारू चिमूटभर. त्यामुळे चुकून दोनदा भरली तरी बाहेरून कळत नाही, आणि मग सिलिंडर फुटतं. भरायचीच राहिली तर फक्त कॅपच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून येणारी तिच्यावर आदळते. अनुभवी माणसंसुद्धा प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून बघतात ते यासाठी.

११. रिकामी पुंगळी किचेन म्हणून ठेवली तर चालते?

कलम ४५ मध्ये सूट आहे: जोडीच्या भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगता येतात. कॅप उडालेली, भोक पाडलेली एखादी पुंगळी त्यात बसेल. बरणीभर पुंगळ्या, शेजारी शिसं आणि साचा असं चित्र असेल तर हेतू काय, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. विमानतळावर मात्र एक पुंगळीसुद्धा नको (प्रश्न २१).

१२. साफसफाई कशी आणि कशाने करायची?

आधी रिकामं करा. मग पुन्हा उघडून सहाही घरं डोळ्याने बघा आणि बोट फिरवून खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे झाल्याशिवाय तेलाची बाटली उघडायची नाही.

आपली .३२ ची गोळी उघड्या शिशाची असते, त्यामुळे खरी घाण शिशाची. ती तीन जागी साठते: नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडाशी, सिलिंडरच्या पुढच्या चेहऱ्यावर आणि प्रत्येक घरात जिथे पुंगळी संपते त्या कडेला. ब्राँझचा ब्रश, साफसफाईचं द्रावण आणि सुती चिंध्या एवढं पुरतं. द्रावण नसेल तर रॉकेल काम करतं, पण नंतर ते पूर्ण पुसून हलकं तेल लावावं लागतं. स्टीलचा ब्रश किंवा भांडी घासायची तार नळीत घालू नका. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची नळी मागच्या बाजूने साफ करता येते, तीच पद्धत बरी. सिलिंडर बाजूला उघडणाऱ्यात सळई पुढून घालावी लागते. तिथे सळईने नळीचं तोंड घासलं जाणार नाही हे सांभाळा, अचूकता त्या शेवटच्या कडेवर असते.

पुंगळ्या बाहेर फेकणाऱ्या चांदणीच्या खाली बघायला विसरू नका. तिथे न जळलेल्या दारूचे कण अडकले की सिलिंडर जड फिरतं आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. जुन्या कानपुरी .३२ मध्ये पुंगळी चांदणीखाली सटकण्याची खोड आहे. नळी आभाळाकडे ठेवून झटक्यात उघडलं तर पुंगळ्या मोकळ्या पडतात.

तेल थोडंच, शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको, ते चिकट होतं. आणि घरं कोरडी ठेवा. घरातलं तेल काडतुसाच्या कॅपमध्ये झिरपलं की काडतूस ऐन वेळी दगा देतं. शेवटी साबणाने हात धुवा. शिसं आहे ते, चहाच्या कपापर्यंत पोचायला नको.

१३. पावसाळ्यात गंज चढतो. काय करावं?

कातडी होल्स्टरमध्ये ठेवणं बंद करा. कातडं ओलावा धरतं आणि कमावतानाची रसायनंही त्यात असतात. काळ्या मुलाम्यावर तांबूस ठिपके पहिल्यांदा तिथेच उठतात. सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद पेटीत ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी हात फिरवा. बोटांचा घाम पुसल्याशिवाय परत ठेवू नका.

१४. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढून सराव करावा का?

सराव उत्तमच, कडक ट्रिगरवर हात बसवायला दुसरा उपाय नाही. पण 'स्नॅप कॅप' नावाची नकली काडतुसं घालून करा, म्हणजे घोड्याच्या (कॅपवर आदळणाऱ्या भागाच्या) टोकाला मार बसत नाही. जिवंत काडतुसं त्या खोलीत नकोत. सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर आपटून बंद करू नका, जोड सैल पडतात.

१५. ट्रिगर हलका करून घ्यायचा आहे. घरी स्प्रिंग बदलली तर?

दुरुस्तीलाही कलम ५ लागतं. त्यामुळे परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या आणि पावती घ्या. नळी कापणं तर स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय स्प्रिंग कमजोर केली की घोडा कॅपवर पुरेसा आदळत नाही. हलक्या ट्रिगरच्या नादात बार न होणारं हत्यार करून बसलेले लोक कमी नाहीत.

१६. ट्रिगर ओढला आणि बार झालाच नाही. आता?

नळी टार्गेटकडेच ठेवा आणि किमान ३० सेकंद थांबा, कधी कधी उशिरा पेट घेतो. रिव्हॉल्व्हरमध्ये लगेच दुसऱ्यांदा ट्रिगर ओढायचा मोह होतो, कारण पुढचं घर समोर येतं. रेंजवर तो मोह आवरा. नुसता 'फुस्' असा आवाज आला आणि धक्का कमी बसला तर गोळी नळीतच असू शकते. तिथेच थांबायचं, रिकामं करायचं, नळी मागून बघायची. फॅक्टरीच्या काडतुसातही, विशेषतः जुन्या आणि हिरवट पडलेल्यात, असं होतं. तशी काडतुसं कचऱ्यात किंवा मुठा नदीत टाकू नका, विक्रेत्याशी किंवा ठाण्याशी बोला.

१७. मुळशीला फार्महाऊस आहे. तिथे झाडावर नेम धरला तर?

जमीन तुमची असली तरी ती रेंज नाही. .३२ ची गोळी चुकली तर शेजारच्या शेतात जाते, दगडावरून उसळते. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच. आणि हळदीत, वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत बार काढण्याला २०१९ पासून वेगळं कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो निराळाच.

१८. निवडणूक आली की जमा करावंच लागतं का?

सरसकट सगळ्यांना नाही. छाननी समिती कुणाचं जमा करायचं ते ठरवते, आणि नोटीस आली तर मुदतीत ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. जमा करण्याआधी फोटो काढा आणि तेल लावून द्या. ठाण्याच्या मालखान्यात कुणी तुमच्यासाठी सिलिका जेल ठेवणार नाही.

१९. आजोबांचं रिव्हॉल्व्हर माळ्यावर सापडलंय. घाबरू की ठेवू?

ठेवू नका, आणि स्वतः उचलून रिक्षातून ठाण्यातही नेऊ नका. आधी ठाण्याला कळवा, लेखी द्या, त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करा. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. आजोबा हयात असतील तर आणखी सोपं: त्यांचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं तर जिवंतपणीच वारसाच्या नावे करता येतं. बहुतेक घरांत हे कुणी वेळेत करत नाही. जुनं वेब्ली .३८ किंवा .४५५ चं निघालं तर प्रश्न ४ मधली अडचण उभी राहते. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला सूट आहे, पण नुसतं 'अँटिक आहे' म्हणून ती धरून चालू नका. गंजलेलं आहे, एवढ्याने भागत नाही.

२०. बायको किंवा मुलगा माझं रिव्हॉल्व्हर हाताळू शकतात का? विकायचं झालं तर?

परवाना तुमचा, माणूस तुम्हीच. तुमच्या समोर, किंवा दुरुस्ती-नूतनीकरणासाठी तुमच्या लेखी अधिकाराने, दुसऱ्याने नेण्याची सोय कलम ३ मध्ये आहे. तुम्ही गावाला आणि चावी मुलाकडे, असं चालत नाही. विकताना घेणाऱ्याकडे त्या प्रकारचा परवाना हवा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यायचे, मगच हस्तांतरण.

२१. विमानाने न्यायचं आहे. आणि चुकून बॅगेत काडतूस राहिलं तर?

आधी परवान्यावरची क्षेत्रमर्यादा बघा. महाराष्ट्रापुरता असेल तर दिल्लीला नेता येणार नाही. परवाना भारतभर चालणारा असेल तर एअरलाइनला आधी कळवून, रिकामं करून, चेक-इनच्या सामानात जाहीर करून न्यायचं. हातातल्या बॅगेत अजिबात नाही. लोहगावला एक्स-रेमध्ये काडतूस सापडलं की परवाना असला तरी चौकशी होते. नसला तर गुन्हा नोंदवला जातो, मग 'जाणीवपूर्वक ताबा' होता की नाही यावर कोर्टात वर्षं जातात. न्यायालयांनी अशा प्रकरणांत दिलासा दिलेला आहे, पण तोवर विमान चुकतं, पासपोर्ट अडतो. रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला वापरू नका, एवढं केलं तरी हा प्रश्न सुटतो.

२२. परवाना मिळत नाही, पण नेमबाजी करायचीच आहे.

मग रिव्हॉल्व्हरचा विचार सोडून १० मीटर एअर पिस्तूल घ्या. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या .१७७ एअरगनला परवान्याची कटकट नाही. बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरीत रेंज आहे. पॅरिसमध्ये २०२४ ला रायफलमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे पुण्यातच सराव करत होता. दृष्टी, श्वास, ट्रिगर हे सगळं तिथेच शिकायला मिळतं, छर्ऱ्यांचा डबा काडतुसांच्या मानाने स्वस्तात येतो, आणि पुंगळ्या भरायचा प्रश्नच उरत नाही.